बाराव्या तारेचं टोक

ता. ६ फेब्रुवारी

बारके,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत. विसरले असं समजू नकोस.

आज भिंगरीच्या फायलीत कालच्या वाचनाचा कागद लागलेला पाहिला. तिच्या मेंदूचं रेकॉर्डिंग वाचायला दुसऱ्या शहरात जातं एवढंच मला ठाऊक होतं. खाली सही म्हणून नुसतं एक अक्षर होतं. पण वेळ लिहिताना सातच्या आकड्याला कमरेत आडवी रेघ मारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आहे. शाळेत त्यापायी बोलणी खाल्लीस तरी सोडली नाहीस. कागदावर सहा ठिकाणी सात होता आणि सहाही ठिकाणी रेघ होती. मी जी खाटेच्या कडेवर बसले ती नर्सने हलवेपर्यंत.

वॉर्डच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, रेकॉर्डिंग एवढं जड असतं की इथल्या इंटरनेटवरून जाता जात नाही, म्हणून रोज दुपारी तीनच्या गाडीने निळ्या डब्यातून डिस्क जाते. त्यात एक चिठ्ठी टाकली तर चालेल का म्हटलं, तर म्हणाला, टाका, चिठ्ठीचं असं वजन ते किती. फोन मी करणार नाही. पंधरा वर्षांनी तुझा आवाज कानावर पडला तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मलाच भरवसा नाही.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. तुझी भाची आता एकोणीस वर्षांची आहे. आठवड्याला चार-पाच झटके. सात औषधं झाली, एकही लागू पडलं नाही. गेल्या वर्षी एकदा औषध बदलताना झटका थांबेचना, दोन दिवस ती मला ओळखत नव्हती. परवा तिच्या कवटीला बारा बारीक भोकं पाडून आत बारा तारा सोडल्यात. आता औषध कमी करत नेऊन झटका येऊ द्यायचा, तो नेमका कुठून सुरू होतो ते तारांनी पकडायचं आणि मेंदूचा तेवढाच तुकडा काढायचा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. जागा सापडली नाही तर ऑपरेशन नाही. तारा सतरा तारखेपर्यंतच ठेवता येतात, पुढे जंतूंची भीती. दुसऱ्यांदा भोकं पाडून घ्यायचं बळ तिच्यात नाही आणि माझ्यातही नाही.

कुठून सुरू होतं ते तुला नि मला दोघींनाही माहीत आहे म्हणा. डावं कपाळ. चार टाके. तुझ्या ताब्यात दिलेली पोर ओट्यावरून पडली ती जागा. मी प्रत्येक डॉक्टरला हेच सांगत आले, म्हणूनच बारातल्या दहा तारा डावीकडे घातल्यात. तेव्हा फोनवर बोलत उभी होतीस. आता तरी नीट बघ.

भिंगरीची आई


ता. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

चिठ्ठी डिस्कच्या खाली होती. ही परतीच्या डब्यात टाकतेय. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कापडावर खडूने खुणा केल्यासारखं.

पहिल्या डिस्कवर तिचं नाव वाचलं तेव्हाच मी ओळखलं होतं. आमच्याकडे नियम आहे, नात्यातलं माणूस असेल तर रेकॉर्डिंग दुसऱ्याला द्यायचं. दोन दिवस मी उठते, मुख्य वाचकांच्या टेबलापर्यंत जाते, पाण्याचा पेला भरून परत येते. त्यांना वाटतं मला तहान फार लागते. तू म्हणालीस तर उद्या देऊन टाकीन.

मी इथे काय करते ते तुला सांगायची वेळच कधी आली नाही. मेंदूच्या लाटा नेहमी एका पडद्यावर दहा सेकंद अशा वाचतात. त्यात झटका दिसतो, पण तो तोवर पसरलेला असतो. मी एकच सेकंद घेते आणि तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणते. मग कधीकधी एखाद्या जागी अगदी बारीक थरथर दिसते, सेकंदाला अडीचशे-तीनशे वेळा हलणारी. झटका नसतानाही ती तिथे असते. जिथून झटके निघतात त्या जागी ती पुन्हा पुन्हा सापडते. तू रफू करताना भोक बघत बसत नाहीस, भोकाच्या कडेचा पहिला सुटलेला धागा शोधतेस. माझं काम तेच आहे.

आता ऐक. डावीकडच्या दहाही तारा गप्प आहेत. कपाळाखालची तर सगळ्यात गप्प. थरथर आहे ती उजवीकडे मागे, बाराव्या तारेच्या अगदी टोकाशी. ती तार नुसती खबरदारी म्हणून घातलेली आहे.

हे मी तीनदा तपासलं. कारण माझाच माझ्यावर विश्वास नाही. डावीकडे काही सापडू नये असं मला पंधरा वर्षं वाटत आलंय. वाटतं म्हणून दिसत तर नाही ना, या भीतीने चौथ्यांदाही पाहिलं.

तुझी,
बारकी


ता. ९ फेब्रुवारी

बारके,

वा. म्हणजे डोकं आपटलं डावीकडे आणि बिघाड उजवीकडे. तुझ्या सोयीचं निघालं सगळं.

तुझा कागद डॉक्टरीणबाईंनी वाचला. त्या म्हणाल्या, मेंदूचा मागचा भाग बघण्याचं काम करतो, तिथे अशी बारीक थरथर निरोगी माणसातही दिसते. नुसत्या तेवढ्यावर त्या सुरी लावणार नाहीत. झटका पकडला पाहिजे. आणि झटका तर येत नाही. औषध निम्मं झालं, परवापासून पूर्ण बंद झालं, तरी सहा दिवसांत एकही नाही. घरी असती तर एव्हाना चार वेळा पडली असती. मला तर वाटतं, तारांनीच काही गुण आला असेल. होतं असं कधीकधी. नाही का होत?

रेकॉर्डिंग दुसऱ्याला देऊ नकोस. तुझ्यावर माया आली म्हणून नव्हे. दुसरा माणूस तीनदा तपासणार नाही.

भिंगरी विचारत होती, चिठ्ठी कुणाला लिहितेस. मी म्हटलं, शिवणाच्या दुकानातल्या बाईला, कपडे कुणाचे कधी द्यायचे ते. डोक्याला ही मोठी पट्टी, त्यातून तारांची वेणी मागे यंत्रात गेलेली. आरशात बघून म्हणते, "आई, तू माझी टाचण्यांची उशी केलीस." नर्स हसून हसून बेजार. मी तिला विचारलं, बरी झालीस तर पहिल्यांदा काय करशील? मला वाटलं सायकल म्हणेल, नाहीतर कॉलेज. म्हणाली, "न्हाणीघराची कडी लावीन. आतून." एकोणीस वर्षांची बाई आहे, बारके, आणि अंघोळीला दार लोटून घेते, बाहेर मी स्टूल टाकून बसते. कडी मीच काढून टाकली होती, ती आठ वर्षांची असताना. ती भोकंसुद्धा मी बुजवली.

आठच दिवस राहिलेत.

भिंगरीची आई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस, नमस्कार.

एक विचारायचंय. रागावशील, पण विचारणं भाग आहे.

औषध उतरलं की ही थरथर वाढते. दुप्पट होते, तिप्पट होते, आजूबाजूला पसरते. औषध घेतलं की दबते. हे मी शेकडो माणसांत पाहिलंय. भिंगरीच्या तक्त्यावर औषध शून्य झाल्याला चार दिवस झाले, आणि तिची थरथर आहे तिथे आहे. उलट रोज सकाळी साडेनऊच्या पुढे आणखी दबते आणि पहाटेकडे जराशी डोकं वर काढते. रोज, अगदी घड्याळ लावल्यासारखी.

तिला कुणी काही देतंय का?

बारकी


ता. १२ फेब्रुवारी

मला चोर म्हणतेस?

खाटेशी अहोरात्र मी बसते. माझ्या डोळ्यांदेखत तिला पाण्याचा थेंब द्यायचा तरी मला विचारून देतात. इथे कोण काय देणार? तुझ्या यंत्रात बिघाड असेल. नाहीतर तुझ्या नजरेत. पोर सांभाळता आली नाही ती आता पडद्यावरून माझ्यावर पाळत ठेवते! डॉक्टरीणबाईंना हे लिहिलंस तर याद राख.

पुन्हा चिठ्ठी टाकणार नाही.


ता. १३ फेब्रुवारी

ताई,

तू टाकू नकोस, मी टाकते. ही कारकुनाने फक्त तुझ्या हातात द्यावी असं वर लिहिलंय.

डिस्कवर लाटांबरोबर खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाजही असतो, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलेलं असणार. मी ते पाहत नव्हते. लाटा वाचायला चित्र लागत नाही, आणि मला धीरही नव्हता. काल पाहिलं. पंधरा वर्षांनी तुला पाहिलं ते पाठमोरी. केस पांढरे झालेत. उजवा खांदा उतरलाय, मशीनवर वाकून वाकून.

रोज सकाळी नऊच्या सुमाराला नर्स बाहेर जाते. तू उठतेस, खाट आणि कॅमेरा यांच्या मधे उभी राहतेस. पदराच्या गाठीतून काहीतरी काढतेस. मग केळं सोलून तिला भरवतेस. एकोणीस वर्षांच्या मुलीला केळं भरवायला लागत नाही, ताई. परवा ती "आई, कडू लागतंय" म्हणाली. तू म्हणालीस, कच्चं असेल.

रक्त तपासा, अशी एक ओळ कागदावर लिहिली की माझं काम संपतं. ती मी आज लिहिलेली नाही. उद्याही नाही लिहिणार. परवा लिहीन. तोवर तू स्वतः सांग. तुझ्या तोंडून गेलं तर त्या तुला खोलीत राहू देतील. माझ्याकडून गेलं तर बाहेर काढतील आणि भिंगरी त्या झटक्यात एकटी असेल.

तू का देतेस ते मला कळतं. ते दोन दिवस मी पाहिलेले नाहीत, तू पाहिलेस. तुझ्या जागी मीसुद्धा हेच केलं असतं, शपथेवर सांगते. पण ताई, तू झटका नाही अडवत आहेस. तू जागा लपवते आहेस. सतराला तारा निघतील, डॉक्टरीणबाई लिहितील "जागा सापडली नाही", आणि तुम्ही दोघी घरी जाल. तू आयुष्यभर स्टूल टाकून बसशील. आणि तू गेल्यावर त्या स्टुलावर कोण बसेल?

बारकी


ता. १४ फेब्रुवारी

बारके,

सांगितलं. सकाळी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले, गाठ सोडून उरलेल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. सहा होत्या. त्या रागावल्या नाहीत, पाणी दिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "आणखी काही आहे का, जे तुम्ही आम्हाला सांगितलेलं नाही?" सवयीने विचारलं असेल त्यांनी. मी नाही म्हणून उठले. दारापर्यंत आले, आणि तुझं ते वाक्य आठवलं, जागा लपवते आहेस. परत जाऊन बसले. त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगते. हे मी तुझ्या भावजींनाही सांगितलं नव्हतं. भिंगरी पडली त्याच वर्षी ते गेले, त्या दिवशी तू येऊन दारात उभी राहिलीस आणि मी तुला आत ये म्हटलं नाही, त्याचंही कारण हेच.

ओट्यावरून पडली त्याच्या सहा दिवस आधीची गोष्ट. मी मशीनवर होते. भिंगरी खाली बसून रिळं लावत होती आणि रंग म्हणत होती. लाल, हिरवं, निळं. दोनदा म्हणाली, "आई, खिडकीत रंगीत गोळे फिरतात." मी म्हटलं, फिरू देत. मग "पिव" म्हणाली आणि थांबली. हातात रीळ तसंच. डोळे डावीकडे खिडकीला लागलेले, तोंड उगाच काही चघळल्यासारखं. मी म्हटलं, पुढे बोल की. बोलेना. गिऱ्हाईक दारात उभं, शिवण घाईची, आणि ही सोंगं करते असं मला वाटलं. बारके, मी तिच्या कानाखाली मारली. जोरात. ती हललीसुद्धा नाही. डोळे खिडकीलाच. अर्ध्या मिनिटाने "ळं" म्हणाली, आणि मग रडायला लागली. गाल का दुखतोय ते तिला कळेना. मलाच विचारत होती.

सहा दिवसांनी तुझ्याकडून ती पडली, रात्री सगळ्यांना दिसेल असा पहिला झटका आला, आणि मला सुटल्यासारखं झालं. खरंच सांगते, सुटल्यासारखं झालं. माझ्या थोबाडीने झालं असेल ही भीती माझ्या पोटात होती, ती मी उचलून तुझ्या डोक्यावर ठेवली. माझ्या घरात पाय ठेवू नकोस म्हणाले. त्यानंतर प्रत्येक डॉक्टरपुढे ते टाके दाखवत बसले. दर वेळी दाखवताना मलाच जास्त खरं वाटायचं. आता वाटतं, ती ओट्यावरून घसरलीच नसेल. तेव्हाही खिडकीत गोळे दिसले असतील.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या त्या थांबल्या. "डोळे डावीकडे? नक्की? आणि रंगीत गोळे?" तीनदा विचारलं. म्हणाल्या, थोबाडीत मारून हा आजार होत नाही, आणि बहुधा ओट्यावरून पडूनही नाही. पण रंगीत गोळे आणि डावीकडे वळलेले डोळे हे उजव्या बाजूचं, मागच्या भागाचं बोलणं आहे. पंधरा वर्षांपूर्वी कुणी हे सांगितलं असतं, तर आम्ही तारा वेगळ्या घातल्या असत्या.

कुणी म्हणजे मी.

केळं बंद केलं. आता मी झटक्याची वाट बघत बसलेय. येऊ नये म्हणून इतकी वर्षं हात जोडले, आणि आता लवकर ये म्हणतेय. मला वेड लागेल. तीन दिवसांत नाही आला तर? आणि आला, आणि मागच्यासारखा थांबलाच नाही तर?

ताई


ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

कालची डिस्क आज दुपारी आली. या वेळी मुख्य वाचकांच्या टेबलापर्यंत गेले आणि सगळं सांगितलं, भाची आहे म्हणून. ते म्हणाले, तुम्हाला तहान लागत नव्हती तर. मग खुर्ची ओढून म्हणाले, चला, दोघं मिळून बघू. तेव्हा हे एकट्या माझ्या डोळ्यांचं नाही.

चौदाला रात्रीपासूनच थरथर वाढत गेली होती. पंधराला दुप्पट, कालच्या सकाळी चौपट. सगळी बाराव्या तारेच्या टोकाशी.

दुपारी एक वाजून सतरा मिनिटं आणि आठ सेकंदांनी तीच थरथर दाट झाली आणि थांबेचना. बाकीच्या अकरा तारांवर अजून काहीही नव्हतं. मग ती शेजारच्या भागात गेली, मग पुढे, एकतिसाव्या सेकंदाला हातपाय ताठ झाले. झटका तिथून सुटला आणि आम्ही त्याला उंबऱ्यात पकडलं. डावं कपाळ शेवटपर्यंत गप्प होतं.

हे सगळं रीतसर कागदावर लिहून पाठवलंय. जे कागदावर नाही ते इथे लिहिते.

चित्रात भिंगरी तुला काहीतरी सांगत होती, उशीवरून हात हलवत. सांगता सांगता थांबली. नर्स तिथेच होती, सलाईन बघत होती, तिला काही कळलं नाही. मला चित्र पाहून कळलं नाही. मुख्य वाचकांनाही नाही. तू हात उचललास. मला वाटलं मारतेस, ताई, खोटं का सांगू. तुझा हात तिच्या गालापर्यंत गेला, तिथे टेकला, आणि दुसऱ्या हाताने तू खाटेला लटकवलेलं बटण दाबलंस. झटका आला असं वाटलं की नातेवाइकांनी दाबायचं ते.

बटण दाबल्याची वेळ पट्टीवर आपोआप उमटते. त्याच मिनिटाचा बारावा सेकंद. बाराव्या तारेनंतर फक्त चार सेकंदांनी, आणि नर्सला समजण्याआधी एकोणीस सेकंद. मुख्य वाचक म्हणाले, तीस वर्षांत इतक्या लवकर कुणी बटण दाबलेलं पाहिलं नाही. या बाईंना कसं कळलं?

मी त्यांना सांगितलं नाही.

सहा मिनिटं चालला तो. सहाही मिनिटं मी पाहिली. तुझ्या मागे उभी असल्यासारखी.

बारकी


ता. २२ फेब्रुवारी

बारके,

तुझ्या हातात हे उशिरा पडेल. तारा निघाल्या, आता डिस्क नाही, डबा नाही. कारकुनाने आपणहून विचारलं, "बाई, आता चिठ्ठी नाही का?" म्हणाला, एक जुनी फाईल परत पाठवायची आहे, त्यात घालतो.

झटक्यानंतर ती चार तास ओळखत नव्हती. दोन दिवस नाही, चार तास. ते कसे गेले ते लिहीत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, जागा नक्की झाली. लहानशी आहे. जन्मापासूनच तिथली वीण चुकलेली असावी, फोटोत न दिसण्याइतकी. काढता येईल. पण बघण्याच्या भागाला लागून आहे. काढली तर डावीकडचं, खालच्या अंगाचं दिसणं जाईल. दोन्ही डोळ्यांचं. आणि एवढं करून झटके जातीलच अशी खात्री नाही. दहातल्या सहा-सात जणांचे जातात म्हणाल्या. म्हणजे तीन-चार जणांचं दिसणंही जातं आणि झटकेही राहतात. मी घरी येऊन कापडावर आकडे मांडत बसले, जणू मापं घेतल्याने काही कळणार आहे.

भिंगरीला विचारलं. म्हणाली, "डावीकडचं थोडं गेलं तर मान वळवीन." एवढंच. मला मात्र मान वळवता येईना.

तिला मी सगळं सांगितलं. थोबाडीचं, गोळ्यांचं. वाटलं, बोलणार नाही माझ्याशी. गालाला हात लावून बघितला तिने. आठवत नाही म्हणाली. मग विचारलं, "मग मावशीला का काढलंस?"

उत्तर तुला येत असेल तर कळव.

ऑपरेशन ११ मार्चला आहे.

ताई


ता. २ मार्च

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

नात्यातलं माणूस लपवलं म्हणून मला सहा महिने वाचनातून काढून जुन्या डिस्क लावण्याच्या कामावर बसवलंय. बरोबरच आहे. तिथे खिडकी नाही, बाकी काही त्रास नाही.

भिंगरीच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं असं मला वाटायचं. पंधरा वर्षं पाठ होतं. आता पाठ उरलेलं नाही. मी फोनवर बोलत होते हे तर खरंच आहे ना. पाठ केली होती मी तिच्याकडे.

अकराला मी येईन. वर येणार नाही. आवारात बाक असेल कुठेतरी, त्यावर बसेन. तुला हवी असेन तर खाली ये. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. राग मानणार नाही.

बारकी


ता. २० एप्रिल

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी मांडीवर पाट घेऊन न्हाणीघराच्या बाहेर बसून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर त्याला कारण आहे.

तू बाकावर बसली होतीस. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दिसत होतीस, सकाळी आठपासून. पिशवीतून डबा काढलास, उघडला, न खाता बंद केलास. मी चार वेळा जिन्यापर्यंत आले. उतरायचं काय ते तीन मजले. आत माझ्या पोरीचं डोकं उघडलेलं, आणि खाली तू, आणि मधे मी कठड्याला धरून उभी. मला उतरता आलं नाही. तू गेलीस तेव्हा बाकावर काहीतरी राहिलं असं वाटलं म्हणून धावत खाली गेले. वर्तमानपत्र होतं. ते आणलं मी वर.

आज चाळीस दिवस झाले. एकही झटका नाही. आणि या वेळी माझ्या पदराला गाठ नाही. जे औषध चालू आहे ते डॉक्टरीणबाईंनी दिलेलं, तक्त्यावर लिहिलेलं. दोन वर्षं गेल्याशिवाय काही म्हणायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून मी काहीच म्हणत नाही. डावीकडचं दिसणं गेलं. रोज डाव्या मांडीला खाटेचा कोपरा लागतो, काळीनिळी झालीये. काल ताटातली डावीकडची भाजी तशीच ठेवून उठली, मी ताट फिरवलं तेव्हा म्हणाली, "अरेच्चा, ही कधी वाढलीस?" ती हसली. मी आत जाऊन रडून आले.

सकाळी स्वतः जाऊन कडी आणली. स्क्रू डावीकडचा सापडेना तिला, तो मी दिला. बाकी सगळी तिने बसवली. मग टॉवेल घेतला, आत गेली, आणि बारके, आतून कडी लागल्याचा आवाज आला. तेवढाच आवाज. मी स्टूल आणायला गेले, मग वाटलं स्टूल नको, म्हणून जमिनीवरच बसले आणि हा कागद घेतला.

तुला एक सांगायचं राहिलंय. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, भिंगरीला सांगितलं. तुला नुसतं लिहिलं, आणि तेसुद्धा निळ्या डब्यातून, चोरून. तू तिला पाडलं नाहीस. तू काहीच केलं नव्हतंस. बावीस वर्षांची पोर होतीस, फोनवर हसत होतीस, आणि मला कुणीतरी हवं होतं. हे कागदावर लिहून भागणार नाही. ते तुझ्यासमोर बसून बोललं पाहिजे, आणि तू जे काय बोलशील ते ऐकलं पाहिजे. तू काहीही बोल.

पाणी थांबलं.

आत काहीच आवाज नाही. मी उठून उभी आहे. कागद भिंतीला लावून लिहितेय. का लिहितेय कळत नाही. हात लिहिण्यात असला म्हणजे दार ठोठावणार नाही म्हणून. तांब्याचा आवाज नाही. बादलीचा नाही. एक, दोन, तीन, चार

आतून म्हणाली, "आई, बाहेर बसलीयेस ना?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाली. आणि पुन्हा पाणी सुरू झालं.

मी परत खाली बसलेय. मला हे एकटीला जमत नाही, बारके. या दाराबाहेर माझ्याशेजारी बसायला कुणीतरी हवं. तू ये.

तुझी,
ताई